मेहरूण नावाचं गाणं

आमच्या बँडमध्ये गाण्यांना गावांची नावं होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. पुढे फटाके फुटतायत, मागे बायकांचा गलका, मध्ये घोडं बुजलेलं, नवरदेवाचा मामा येऊन कानात ओरडतोय, अशा वेळी सगळ्या वाजवणाऱ्यांना पुढचं गाणं कोणतं ते ज्यानं कधी सांगून बघितलंय, त्यालाच हे कळेल. अख्खा मुखडा ओरडून सांगता येत नाही. पिक्चरचं नाव सांगावं, तर एका पिक्चरमध्ये सहा गाणी. तिथे एकच शब्द लागतो आणि तो ताशाच्या वरून ऐकू यावा लागतो. म्हणून अब्बांनी सोपी रीत काढली होती. जे गाणं ज्या गावच्या लग्नात पहिल्यांदा वाजलं, किंवा ते वाजताना ज्या गावात काही लक्षात राहण्यासारखं घडलं, त्या गावाचं नाव त्या गाण्याला. अब्बा क्लॅरिनेट तोंडातून काढून नुसतं "पारोळा" म्हणत, आणि युसूफचाचांच्या साइड ड्रमची काडी पडायच्या आत सगळ्यांची बोटं जागेवर गेलेली असत.

बोदवड हे एक उडतं गाणं होतं. ते वाजत असताना बोदवडला स्टेशनजवळ घोडं बिथरलं आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट रसवंतीच्या बाकावर जाऊन बसला. तो नवरदेव पुढे आजोबा झाला तरी मला कुठे भेटला की हात जोडायचा, "भाऊ, नातवाच्या लग्नाला या, पण ते घोड्याचं तेवढं नको." पहूर हे मात्र संथ गाणं, पाठवणीचं. मी शाळेत होतो तेव्हा भूगोलाचे सर नकाशावर छडी ठेवून गावं विचारत, तर माझ्या डोक्यात आधी चाल सुरू व्हायची आणि मग उत्तर. एसटीत कंडक्टर "चला, एरंडोल, एरंडोल" म्हणून घंटी मारायचा, तेव्हा मी मांडीवर बोटं चालवायला लागायचो. आजही तसंच होतं. माझ्यासाठी जळगाव ते धुळे हा रस्ता नाहीच, ती एक सलग वाजवलेली वरात आहे, आणि डोळे मिटून बसवलंत तरी गाडी कुठवर आली ते मी सांगेन.

आमचं घर जळगावच्या मेहरूणमध्ये, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे अंगण, अंगणात निंबाचं झाड, झाडाला बँडच्या कोटांची दोरी. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर. लग्नाचा हंगाम संपला की फूफी ते सगळे उन्हात टाकायची आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की झाडावर फौज चढलीय. फूफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. घर तिच्या जिवावर चालायचं आणि तिच्या जिभेवरही. पितळी वाद्यं चिंच आणि राख लावून घासायचं काम माझं, आणि ती चुलीपुढून बघत असायची. "भोंग्यात तोंड दिसलं पाहिजे," म्हणायची, "तुझं नाही, माझं." दुपारी तिच्या हातची शेवभाजी, वर तेलाचा लाल तवंग, सोबत बाजरीची भाकरी, आणि थंडीत मेहरूणच्या वांग्यांचं नाही तर भालोदकडून आणलेल्या वांग्यांचं भरीत. घरातली आमची बोली हिंदी, उर्दू आणि खानदेशी यांची खिचडी होती. इथे मी ती सरळ मराठीत लिहितोय, कारण फूफीच्या शिव्या जशाच्या तशा लिहिल्या तर हे पुस्तक कुणी छापणार नाही.

संध्याकाळी अंगणात रियाज. अब्बा पाटावर बसून पत्ती ओठांत भिजवत बसायचे. क्लॅरिनेटची पत्ती भिजली नाही तर बकरीसारखा आवाज येतो. नोटेशन कुणाला येत नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं. अब्बा पानाच्या टपरीवरच्या रेडिओवर गाणं ऐकून यायचे, घरी येऊन दोनदा वाजवायचे, तिसऱ्यांदा आम्ही सगळे त्यात. मी सतरा-अठराचा असताना त्यांच्या शेजारी बसून क्लॅरिनेट वाजवायला लागलो होतो आणि खोटं कशाला बोलू, फार चांगला वाजवत होतो. हे मला माहीत होतं, अब्बांनाही माहीत होतं, पण ते कधी बोलले नाहीत. त्यांचं कौतुक म्हणजे न खेकसणं.

तर अशाच एका रियाजात युसूफचाचा ड्रमच्या दोऱ्या ताणत ताणत सहज म्हणाले, "मास्तर, या पोराच्या हाताला मेहरूण फार छान बसेल." मला वाटलं, नवीन गाणं असेल. आमच्या राहत्या जागेच्या नावाचं गाणं आणि ते मी कधी ऐकलेलं नाही, हे कसं? अब्बांनी पत्ती तोंडातून काढली, "मेहरूण नाही," एवढंच म्हणाले आणि क्लॅरिनेट काखेत मारून आत गेले. रियाज तिथेच संपला. मी युसूफचाचांना सायकलपाशी गाठलं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुझ्या अम्मीचं गाणं होतं ते. ती गेल्यावर मास्तरांनी बंद केलं." मी म्हटलं, गुणगुणून तरी दाखवा. त्यांनी सायकलवर टांग मारली.

मी रांगत होतो तेव्हा माझी अम्मी तापानं गेली. तिचा फोटो नाही. त्या काळात आमच्याकडच्या बायका फोटो काढून घेत नसत. तिचा आवाज मला आठवत नाही, चेहरा आठवत नाही. कुणी "तुझं नाक तिच्यासारखं" म्हटलं की मी आरशात नाक बघायचो आणि नाकावरून बाई काही उभी राहत नाही. आणि आता कळलं की तिचं एक गाणं होतं, ते अख्ख्या बँडच्या बोटांत होतं, आणि फक्त मला माहीत नव्हतं. ते मला पाहिजे होतं. त्या वयात माणसाला पुष्कळ काही पाहिजे असतं, मला दुसरं काहीच नको होतं.

फूफीला विचारलं तर तिनं ओल्या लाकडांवर शिव्यांचा भडिमार सुरू केला. म्हणून मी युक्ती केली. ती भाकऱ्या थापत असताना मी बाजूला बसून एकेक जुनी चाल वाजवायचो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो. कुठे तरी डोळा हलेल, हात थांबेल. दर्दभरी, विरहाची, अंगाईसारखी, जेवढी रडकी गाणी मला येत होती तेवढी सगळी वाजवून झाली. आठवडाभरानं ती म्हणाली, "पोटात दुखतंय का तुझ्या? ओवा खा." तिचा हात एकदाही थांबला नव्हता.

अब्बांची आणखी एक रीत होती, ती इथे सांगितली पाहिजे. कोणत्या गावात कोणत्या दारापुढे कोणतं गाणं वाजवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. एखादं गाणं वाजलेलं असायचं आणि त्यानंतर त्या घरावर काही ओढवलेलं असायचं. मग त्या दारापुढे ते गाणं वर्ज्य. काही ठिकाणी तर हात खाली करून बाजा बंद, नुसतं चालायचं. लोक म्हणायचे, मास्तर फार जाणतं माणूस. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

धुळ्याच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून आत, एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं आजही तिथे नांदतायत. त्या गावात आमचा बँड दर हंगामाला जायचा. तिथल्या एका शेतकऱ्याच्या, नानांच्या, थोरल्या मुलीची पाठवणी आमच्याच बँडनं केली होती, आणि पाठवणीचं नेहमीचं पहूर सोडून तिनं हट्टानं एरंडोल वाजवायला लावलं होतं. एरंडोल म्हणजे ठेक्याचं, फेर धरून नाचण्याचं गाणं. मुलीचं नाव शांता. वर्षाच्या आत ती बाळंतपणात गेली. तेव्हापासून त्या गावात एरंडोल बंद, आणि नानांच्या दारावरून जाताना बाजाही बंद. अब्बांचा हात खाली जायचा आणि आम्ही मान खाली घालून, बुटांचा आवाज करत पुढे निघायचो. ओट्यावर शांताची आई, अक्का, उभी असायची. वरात बघायला सगळं गाव बाहेर पडायचं तशी तीही पडायची, आणि तिच्यापुढून आम्ही मुक्यानं जायचो. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात त्याच घरचं लग्न निघालं. शांताचा धाकटा भाऊ नवरदेव, मुलगी गावातलीच, वरच्या गल्लीतली. आदल्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो, वाद्यं टपावर, कोट मांडीवर. धुळ्याला उतरून तिथून गावचा टेम्पो. पोचलो तर मांडवात बट्ट्या शिजत होत्या, वरणाला फोडणी बसत होती आणि वांग्याची भाजी घोटणारे गडी घामानं निथळत होते. ते जेवण जेवल्यावर वाजवायला जोर येतो, उगाच नाही खानदेशातली लग्नं लांबत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं होतं. घोडं दारात. लग्न त्याच घरचं, बाजा बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून अब्बांनी पारोळा वाजवला, मग बोदवड. पोरं नाचायला लागली. नवरदेवाला ओवाळायला अक्का ताट घेऊन बाहेर आली. हिरवं नऊवारी, कपाळ भरून कुंकू. ती नवरदेवाकडे गेलीच नाही. ताट हातात धरून सरळ अब्बांपुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, ते गाणं काबर नही वाजाडत तुम्ही?"

अब्बांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. "कोणतं, अक्का?"

"मन्ही शांती सासरी गयी तवय वाजाडेल ते."

पोरांचं नाचणं थांबलं. अब्बा हळू आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्हाला त्रास होईल. म्हणून आम्ही ते या गावात वाजवत नाही. इतकी वर्षं पाळलंय."

"तरास," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता. "बठ्ठं गाव मन्हाम्होरे तिन्हं नाव लेत नही. नाव लिधं तं मी रडसू म्हनी. तुम्ही ते गाणं बी लई गयात. दारम्होरेन मुका जातस. मंग मन्हाजोडे काय ऱ्हायनं?"

नाना फेटा सावरत पुढे आले. "येडी व्हयी गयी का तू? मंगल कामम्हा ते काय काढस? चाल, पोरगाले ओवाय."

"गाणं वाजी तवयच ओवायसू," अक्का म्हणाली आणि तिनं ताट छातीशी धरलं. "ती नाचेल शे त्या गाणावर. जातांना बी हासत गयी. माले ते आयकाले पाहिजे."

कुणी हलेना. घोडं तेवढं शेपटी उडवत होतं. नाना अब्बांकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. घराचा कर्ता नको म्हणतोय, मानधन तोच देणार, आणि इतक्या वर्षांची रीत. अब्बांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. मला त्या काखेचा अर्थ माहीत होता. मेहरूण नाही म्हणाले होते त्या दिवशी अगदी तसंच.

इथे लोकांना वाटतं की मला अक्काची दया आली. दया वगैरे काही नाही, मला राग आला. पायापासून डोक्यापर्यंत राग आला. कुणाला काय सोसवेल ते या माणसानं ठरवायचं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला विचारायचंच नाही. ही बाई तोंडानं मागतेय तरी द्यायचं नाही. मी तर मागूनही फूफीकडून ओवा मिळवला होता. मी अब्बांकडे बघितलं नाही. क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि एरंडोल सुरू केलं.

आमच्या बँडमध्ये अब्बांनी पुकारल्याशिवाय कुणी कधी गाणं सुरू केलं नव्हतं. पहिल्या ओळीला मी एकटाच होतो. भर उन्हात एकटं क्लॅरिनेट फार उघडं पडतं. दुसऱ्या ओळीला युसूफचाचांची काडी पडली, मग ताशा आला, मग बाकीचे. अक्का पुढे झाली, तिनं मुलाला ओवाळलं. मग ताट थोरल्या सुनेकडे देऊन ती ओट्याच्या खांबाला टेकली आणि तळहातानं खांबावर ठेका धरला. रडत होती आणि ठेका चुकत नव्हता. म्हणाली, "आठेच नाचनी व्हती. आठेच." इथेच, याच दारात. बाजूची एक बाई म्हणाली, "हां, आन पायम्हातलं जोडवं पडनं व्हतं तिन्हं." दुसरी म्हणाली, ते मीच शोधलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दारात शांताबद्दल बोलणं सुरू झालं. अंतऱ्याला मला माझ्या सुराखाली दुसरा सूर लागलेला ऐकू आला. अब्बांनी वाजवायला घेतलं होतं, आणि वरचा सूर माझ्याकडेच ठेवून ते खालच्या सुरात साथ देत होते. गाणं संपलं तेव्हा नानांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मास्तर, आखो एकदाव." एकदा वाजवून त्यांचं भागलं नव्हतं.

परतीच्या गाडीत अब्बा खिडकीशी, मी शेजारी. पारोळ्याला कंडक्टर ओरडला आणि माझी बोटं मांडीवर हलली, तेव्हा अब्बा म्हणाले, "न विचारता सुरू केलंस."

"हो."

"बँडमध्ये असं चालत नाही."

"मग काढा मला बँडमधून. पण आधी मेहरूण ऐकवा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. एरंडोल आलं, गेलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस कयामतपर्यंत बोलणार नाही. गिरणेच्या पुलावर गाडी चढली तसे ते एकदम बोलायला लागले. "तुझ्या अम्मीला धुळ्याहून मी याच रस्त्यानं आणली. निकाह झाला, दुसऱ्या दिवशी एसटी. पुढच्या सीटवर माझे वालिद, म्हणजे तिचे सासरे, आणि ही बुरख्याच्या आत गाणं गुणगुणतेय. मी म्हटलं, चूप, ऐकतील. तर म्हणाली, गाणं संपलं की बसते चूप." अब्बांच्या मिश्या हलल्या. ते हसत होते. "ते संपलंच नाही. अंतऱ्याची शेवटची ओळ तिला येत नव्हती. तिथवर यायची, अडायची आणि परत पहिल्यापासून. धुळ्यापासून मेहरूणपर्यंत. घराच्या दारात उतरलो तरी चालूच. मला ते तसंच पाठ झालं, बँडमध्येही तसंच बसवलं. गोल गोल." मग म्हणाले, "मला वाटलं, तुला त्रास होईल." मी म्हटलं, "मला कशाचा त्रास? माझ्याकडे तिचं काही असेल तर त्रास होईल ना." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जळगावचा स्टँड येईपर्यंत तो तिथेच होता.

घरी पोचल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. अंगणात पाटावर बसले, पत्ती भिजवली, "मेहरूण," असं नेहमीसारखं पुकारलं, जसा काही समोर पूर्ण बँड उभा आहे, आणि वाजवायला लागले. मी इतके दिवस दर्दभऱ्या चाली शोधत होतो. ते गाणं निघालं साफ खट्याळ. उड्या मारणारं, नाक उडवणारं, कुणाला तरी चिडवणारं गाणं. मला हसूच फुटलं. म्हणजे अम्मी अशी होती. आतून फूफी पिठाचे हात घेऊन धावत आली, दारात थबकली, आणि ज्या चेहऱ्याची मी आठवडाभर वाट बघितली होती तो चेहरा तेव्हा दिसला. ती म्हणाली, "मुई मेली, सासऱ्यापुढे हेच गायची," आणि डोळ्यांना पदर लावून हसायला लागली. अब्बा अंतऱ्याच्या टोकापर्यंत गेले, अडले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले. तिसऱ्या फेऱ्याला मीही त्यांच्यात होतो.

अब्बांनी मला बँडमधून काढलं नाही, उलट पुढच्या हंगामापासून गाणी पुकारायचं काम मला दिलं. त्यांच्यानंतर मी तो बँड बरीच वर्षं चालवला आणि वर्ज्य वगैरे काही ठेवलं नाही. दारापुढे जाऊन घरच्यांना विचारायचो, वाजवू का? बहुतेक जण हो म्हणायचे. जे नको म्हणायचे त्यांच्याही डोळ्यांत, विचारलं म्हणून, काही तरी हलायचं. मग डीजेच्या भिंती आल्या. त्यांना गाव, गल्ली, दार काहीच दिसत नाही, सगळीकडे सारखाच धडाका. त्याच्याविषयी बोलायला लागलो तर माझं ब्लडप्रेशर वाढतं, सून म्हणते, राहू द्या.

आता धुळ्याहून येतो ते नातीच्या गाडीतून. रस्ता चौपदरी झालाय, पारोळा, एरंडोल बाजूनं निघून जातात, कंडक्टरची हाक नाही. तिच्या फोनमध्ये जगातलं प्रत्येक गाणं आहे. एकदा मी गुणगुणून दाखवलं तर पोरीनं अम्मीचं गाणंही शोधून काढलं, मूळ गाणं, गाणारणीच्या आवाजात, शेवटच्या ओळीसकट. ती ओळ चांगलीच आहे. पण ती यायच्या आधी मी हात वर करतो. "दादाजान, गाणं अजून बाकी आहे," नात म्हणते. मी म्हणतो, "माहीत आहे. पहिल्यापासून लाव." ती वैतागते, कपाळाला हात लावते आणि पहिल्यापासून लावते. मेहरूण येईपर्यंत.